दोन सुरांचं सोलो
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘पंक संगीत’ वाचून सकाळपासून बरेच जण माझ्या डोक्याकडे बघताहेत. केस उभे करायला मुळात केस असावे लागतात, त्यामुळे तो भाग सोडून देतो.

मँचेस्टरला बरीच वर्षं नोकरी केली, तिथं हे वेड लागलं. त्या गावात 4 जून 1976 या तारखेची गोष्ट सगळे सांगतात. लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये लंडनच्या सेक्स पिस्टल्स बँडचा कार्यक्रम झाला. तो ठरवला हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या दोन विद्यार्थ्यांनी. प्रेक्षक जेमतेम चाळीसेक. (‘मी होतो तिथं’ म्हणणारे मला इतके भेटलेत की हॉल चार वेळा भरेल.) त्या चाळिसांत पीटर हुक होता. स्टेजवरची मंडळी काही उस्ताद नव्हती, आणि नेमकं तेच त्याला भावलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं बेस गिटार विकत घेतली. वाजवता येत नव्हती. पुढे जॉय डिव्हिजन हा बँड झाला, त्यात तो होता.

डिव्होटो आणि शेली यांनीही बझकॉक्स नावाचा बँड काढला होता. रेकॉर्ड कंपनीच्या दारात बसण्याऐवजी त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून 500 पौंड उसने घेतले आणि जानेवारी 1977मध्ये चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. पहिल्या 1000 प्रती. कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, तेही वेष्टणावर छापलं! त्यातल्या एका गाण्यात गिटारचं सोलो फक्त दोन सुरांचं आहे. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा. आपल्या संगीताच्या बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

लंडनमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या कारकुनानं त्याच सुमारास ‘स्निफिन ग्लू’ हे मासिक सुरू केलं. हातानं लिहायचं, टाइप करायचं, झेरॉक्स काढायची. आपल्या वर्गाचं हस्तलिखित आठवा. फक्त शुद्धलेखन तपासायला कुणी नाही.

आता न आवडणारी बाजू. काही पंक पोरं लोकांना डिवचायला स्वस्तिकाची नाझी खूण मिरवायची. मला तो निव्वळ मूर्खपणा वाटतो, कारण तेव्हा रस्त्यावर नॅशनल फ्रंटवाले खरोखर फिरत होते आणि मार आपल्यासारख्या चेहऱ्यांना पडत होता. जून 1976मध्ये साउथॉलला गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला. पण याच पंकवाल्यांतले अनेक जण ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’च्या बाजूनं उभे राहिले. 30 एप्रिल 1978ला ट्रॅफल्गर चौकातून हजारो लोक चालत व्हिक्टोरिया पार्कला गेले. तिथं द क्लॅश वाजले, आणि एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन गायली. तिचे वडील सोमाली, आई ब्रिटिश, दातांना तारा. तोवर अशी मुलगी रॉकच्या स्टेजवर कुणी पाहिली नव्हती.

पुढच्या वर्षी, 23 एप्रिल 1979ला, नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथॉलचे लोक रस्त्यावर उतरले. ब्लेअर पीच हा शिक्षक त्यांच्यासोबत होता. गुरुजनांसमोर मुद्दाम सांगतो, तो विशेष मुलांना शिकवायचा. डोक्यावर फटका बसून तो गेला. फटका बहुधा पोलिसाचाच होता, असं पोलिसांच्याच चौकशीत निघालं. तो अहवाल लोकांपुढे यायला 2010 उजाडलं. मिस्टी इन रूट्स या काळ्या कलाकारांच्या रेगे बँडचा व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर त्याच दिवशी पोलिसांच्या मारानं बेशुद्ध पडला. मिस्टीच्या मंडळींनीच द रट्स या गोऱ्या पंक बँडची पहिली रेकॉर्ड काढली होती. आता रट्सनी बेकरवर गाणं केलं, तेही रेगेच्या ठेक्यात.

ते गाणं बरोबर आणलंय. चहानंतर आठवी ‘ब’च्या वर्गात लावतो. बाई, आवाज जरा मोठा असेल.