शुगरची गोळी, वजनाची सुई आणि बाईचं जगणं

(वऱ्हाडातल्या महिला गटांच्या आरोग्य-बैठकीत केलेलं भाषण)



शुगर आणि वजन हा विषय काढला की काही जणी म्हणतात, हे श्रीमंतांचे आजार. मेळघाटात कुपोषण आहे, राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि आपण वजन उतरवायच्या सुयांवर बोलत बसायचं? पण भूक आणि मधुमेह यांचं नातं आपल्याच महाराष्ट्रात उलगडलं आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः हलकी, हातपाय काटकुळे, पण चरबी मात्र टिकून राहिलेली. असं मूल पुढे मधुमेहाच्या वाटेवर लवकर जाऊ शकतं. सगळ्यांचं झाल्यावर आई जे उरलंसुरलं खाते, त्याचा हिशेब तिचं लेकरू चाळिशीत चुकवतं. तेव्हा हा प्रश्न आपलाच आहे.

या औषधांना मी नावं ठेवायला उभी नाही. शुगर आटोक्यात नसेल तर डोळे, किडनी, पाय जातात. नव्या औषधांचा फायदा तर शुगरच्याही पलीकडे जातो. सेमाग्लुटाइडच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत हृदयरोग आणि जास्त वजन असलेले, पण मधुमेह नसलेले १७ हजारांवर लोक होते. त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र त्यात बायका होत्या जेमतेम २८ टक्के. औषध बाईला द्यायचं आणि तपासायचं मुख्यतः पुरुषांवर, ही जुनीच रीत.

माझं म्हणणं एवढंच आहे, की औषध शरीरात जातं तेव्हा ते बाईच्या सगळ्या जगण्यात जातं. आणि त्या जगण्याबद्दल तिला कोणी विचारत नाही.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन बाई सकाळी चहावर निंदणाला जाते, किंवा हरतालिकेचा निर्जळी उपास धरते. शुगर एकदम उतरते, घाम फुटतो, हातपाय कापतात, ती वावरातच कोसळते. घरचे म्हणतात, ऊन लागलं.

मेटफॉर्मिन स्वस्त आणि चांगली गोळी. पण वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ज्यांच्या ताटात दूध, अंडी, मांस नाही त्यांना धोका जास्त. तळपायाला मुंग्या येतात, थकवा येतो, रक्त कमी होतं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी ते भरून येत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन शुगर लघवीवाटे बाहेर टाकतं. हृदयाला, किडनीला त्याचा आधार होतो. पण त्यामुळे लघवीच्या जागी बुरशी होऊन खाज सुटते, आणि बाई लाजेने गप्प राहते. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. वारंवार लघवीला जावं लागतं, वावरात आडोसा नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. अशात उलट्या-जुलाब झाले किंवा कडक उपास धरला, तर ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवायला हवं.

आता सुया. टर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, म्हणजे स्वस्त सुयांना वाट मोकळी. या सुयांनी भूक मरते. मळमळ, उलट्या होतात, काहींना पित्ताचे खडे होतात. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ज्या बाईच्या अंगात मुळात स्नायू कमी, तिने आणखी काय झिजवायचं? टर्झेपेटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबून चालत नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. आणि सुई थांबली की उतरलेलं वजन बरंचसं परत येतं. मग लग्नाच्या बाजारात मुलगी बारीक दिसावी म्हणून ती टोचायची, यात कुणाचं आरोग्य?

१९८६ मध्ये स्त्री शक्ती संघटना नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. बायकांना पुरती माहिती न देता त्यांच्यावर चाचणी केली जाते, हा आक्षेप होता. तोच प्रश्न आज औषधाच्या दुकानासमोर उभा आहे.

म्हणून गटागटांत एक काम करू या. कुणीही आपल्या मनाने औषध बंद करायचं नाही. पण प्रत्येकीने आपल्या गोळ्यांची पाकिटं बैठकीत आणायची, नावं वाचायची, कागदावर उतरवायची. डॉक्टरांना पाच गोष्टी विचारायच्या: हे कशासाठी? उपासाच्या दिवशी काय करू? उन्हात, जुलाबात काय करू? दिवस राहिले तर? किती दिवस घ्यायचं? एकटीला विचारायला भीती वाटत असेल तर दोघी मिळून जा. अमरावतीच्या इर्विनमध्ये, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आणि गावच्या आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन घेणाऱ्या बाईची बी-१२ तपासणी व्हावी, ही मागणी आपण लेखी देऊ या.

गोळी आपल्या पोटात जाते, तेव्हा तिची माहितीही आपल्या हातात आली पाहिजे.