मालकी चालत्या कारखान्याची



कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचे नाव या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या मंडळींना कदाचित आठवत असेल. तांब्या-पितळेच्या नळ्या काढणारा हा कारखाना. घराण्यातली भाऊबंदकी आणि वाढती थकबाकी यांच्या कात्रीत सापडून 1985 साली तो बंद पडला. युनियनने मोर्चे काढले असतीलच, पण ती तिथे थांबली नाही. कारखाना आम्हीच चालवतो, असा प्रस्ताव घेऊन ती बीआयएफआरकडे, म्हणजे आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळाकडे गेली. घराण्यातून हरकती आल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि 1988 साली न्यायालयाने कामगारांच्या योजनेवर शिक्कामोर्तब केले. शेअर नाममात्र एक रुपया दराने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आले. कामगारांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले, पगार कमी घेतले आणि 1989 मध्ये भट्ट्या पुन्हा पेटवल्या.

पहिली काही वर्षे बरी गेली. पुढे खेळते भांडवल आटले आणि नव्वदचे दशक सरता सरता प्रयोगही आटोपला.

या गोष्टीचे तात्पर्य आपल्याकडे ठरून गेले आहे : कामगारांना धंदा जमत नाही. मला ते मुळीच पटत नाही. त्यांच्या पदरात पडले काय ते बघा. जुनी यंत्रे, जुनी देणी, दुसरीकडे वळलेले गिऱ्हाईक, आणि मागचे कर्ज वसूल होईल की नाही या चिंतेत नवी मर्यादा वाढवून द्यायला कां-कूं करणारी बँक. असा कारखाना एखाद्या मुरलेल्या शेठजीच्या हाती दिला असता तर त्यानेही हात टेकले असते. फरक इतकाच, की शेठजीने त्यात स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड घातला नसता.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या कायद्याला कामगाराची मालकी आठवते ती कारखाना शेवटच्या घटका मोजत असताना. 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने 43-अ हे कलम आले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. पण सहभाग म्हणजे समितीतली एक खुर्ची आणि बैठकीतला चहा, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ राहिला. कारखाना धडधाकट असताना त्याची मालकी हळूहळू कामगारांकडे जावी, अशी वाट आपण आखलेलीच नाही. ती सरकारने कशी आखावी, हा आजचा विषय.

बंद पडणाऱ्या कारखान्यापुरते बोलायचे तर इटलीने हे काम आपल्यापेक्षा शहाणपणाने केले. तिथे 1985 मध्येच, कमानीला टाळे लागले त्याच वर्षी, एक कायदा झाला. जोव्हानी मारकोरा या उद्योगमंत्र्याच्या नावाने तो ओळखला जातो. कायदा झाला तेव्हा मारकोरा हयात नव्हते. कामगारांनी सहकारी संस्था काढून कारखाना घ्यायचा ठरवला, तर पुढे हप्त्याहप्त्याने मिळायचा बेकारभत्ता त्यांना भांडवल म्हणून एकरकमी मिळू लागला. त्यांच्या भांडवलाच्या तिपटीपर्यंत सरकारी निधीतून रक्कम घालण्याची सोयही सुरुवातीला होती. युरोपीय समुदायाने त्यावर स्पर्धेच्या नियमांचा आक्षेप घेतला आणि 2001 मध्ये कायद्याला मुरड घालावी लागली. तरी मुद्दा शिल्लक राहतोच : घरी बसवण्यासाठी जो पैसा सरकार देणारच होते, तो कामावर ठेवण्यासाठी दिला. शिवाय पैसा लावणारी संस्था हिशेब तपासते, योजना कच्ची असेल तर नाही म्हणते. ‘नाही’ म्हणणारे कोणीतरी असणे ही मी मोठी गोष्ट समजतो.

पण माझा जास्त जीव ब्रिटनच्या कायद्यात आहे, कारण तो चालत्या कंपनीसाठी आहे. लंडनच्या जॉन लुईस या दुकानांच्या मालकाने, स्पेडन लुईसने, 1929 सालीच आपला धंदा कर्मचाऱ्यांच्या वतीने चालणाऱ्या ट्रस्टच्या स्वाधीन करायला सुरुवात केली होती. पुढची कित्येक दशके लोक त्याचे कौतुक करत राहिले, कित्ता गिरवणारे मात्र विरळाच. मग 2014 च्या फायनान्स ॲक्टमध्ये तरतूद झाली : मालकाने कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा सर्व कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या ट्रस्टला विकला, तर त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर शून्य. ट्रस्ट पैसे आणतो कुठून? बहुतेक वेळा मालकच उधारीवर विकतो आणि कंपनीच्या पुढच्या नफ्यातून त्याचे हप्ते फिटतात. कामगाराच्या खिशातून एक पेनीही जात नाही. वॉलेस आणि ग्रोमिटचे चित्रपट काढणारा आर्डमन स्टुडिओ 2018 मध्ये, रिचर साउंड्स ही दुकानांची साखळी 2019 मध्ये या वाटेने गेली. आज अशा कंपन्या हजाराच्या वर आहेत. चांगुलपणाला जे जमले नाही ते करसवलतीने केले, हे ऐकायला कुणाला आवडो न आवडो.

अर्थात सवलत आली की पळवाटही येते. ट्रस्ट परदेशात नोंदवायचा, विश्वस्त म्हणून स्वतःच बसायचे आणि करही वाचवायचा, असे प्रकार सुरू झाले. 2024 मध्ये ते बंद करण्यात आले. सवलतीचा बोजाही अंदाजाबाहेर गेला, म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये ती निम्म्यावर आणली. सुरुवातीला हात सैल, नंतर आवळता. मला हा क्रम योग्य वाटतो.

अमेरिकेचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय कुणी पुरा मानत नाही, म्हणून दोनच वाक्ये. तिथे 1974 च्या पेन्शनविषयक कायद्याने कर्मचारी-भागधारक योजनांना अधिकृत जागा दिली आणि आज त्यांत एक कोटीहून अधिक लोक आहेत. आणि युनायटेड एअरलाइन्समध्ये कर्मचाऱ्यांकडे 1994 पासून 55 टक्के हिस्सा असूनही 2002 मध्ये ती दिवाळखोरीत गेली, तेव्हा मालकीबरोबर बुडण्याचीही वाटणी होते.

आता आपल्याकडे या. ‘ईसॉप’, म्हणजे कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर देण्याची योजना, हा शब्द पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्या जावयाला माहीत असतो. पण तो शब्द कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर पोचलेला नाही, आणि जिथे पोचला तिथेही शेअर हातात घेतला त्या दिवशीच तो पगाराचा भाग मानून कर लागतो. शेअर विकून पैसा आलेला असो वा नसो. 2020 च्या अर्थसंकल्पात हा कर पुढे ढकलण्याची मुभा मिळाली, तीही ठरावीक स्टार्टअप्सच्या नोकरदारांना. फिटर, टर्नर, वेल्डर यांचा त्यात विचार नाही.

भोसरीतला एक कारखाना डोळ्यांपुढे आणू. खराच असे नाही, पण या सभागृहात असे दोन-चार मालक बसलेले असतील. वाहनांचे सुटे भाग, साठ कामगार, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, किंमत साधारण 12 कोटी, कर जाऊन वर्षाला दोन कोटी नफा. मालक सत्तरीला टेकलेले. मुलगा सिअ‍ॅटलला, मुलगी बंगळूरला. दोघांनाही सीएनसी मशीनच्या तेलाचा वास नकोसा. मोठी कंपनी विकत घेईल, ऑर्डरी चाकणला नेईल आणि इथले शेड मोकळे करील, हे मालकांना पक्के ठाऊक आहे. ते म्हणतात, माझ्या लोकांनाच देतो. 60 टक्के हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टला, 7 कोटी 20 लाखांना, वर्षाला 1 कोटी 20 लाखांच्या हप्त्याने. व्याज सोडले तर सहा वर्षांत व्यवहार पुरा.

इथे त्यांचे सीए त्यांना थांबवतात. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या शेअरवर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कर 12.5 टक्के. मूळ भांडवल किरकोळ असल्याने जवळजवळ सगळी रक्कम नफाच, म्हणून कर सुमारे 90 लाख, वर अधिभार आणि उपकर. आणि हप्ते सहा वर्षांचे असले तरी कर मात्र शेअर हस्तांतरित झाले त्या वर्षीचा. म्हणजे पहिल्या वर्षी हातात 1 कोटी 20 लाख आले, त्यातले 90 लाखांहून अधिक तसेच गेले. ट्रस्टला हप्त्यासाठी लाभांश द्यावा, तर त्यावर ट्रस्टला वेगळा कर. दुसरीकडे मोठी कंपनी चेक लिहून मोकळी व्हायला तयार आहे. मालकांनी कोणता मार्ग धरावा असे तुम्हाला वाटते?

मी सरकारकडे कर माफ करा असेही मागत नाही. हप्ता येईल त्या वर्षी त्या हप्त्यावर कर घ्या, एवढे केले तरी यातला निम्मा अडथळा दूर होईल. ट्रस्टच्या हप्त्याइतका लाभांश करातून वगळा. आणि ट्रस्टने कर्ज काढले तर त्याला थोडी हमी द्या, म्हणजे मालकांना सगळी रक्कम उधारीवर सोडावी लागणार नाही. पब्लिक कंपन्यांचे कुलूप वेगळे आहे. कामगारांच्या ट्रस्टला शेअर घेण्यासाठी त्या पैसे देऊ शकतात, पण भांडवल आणि मुक्त गंगाजळीच्या 5 टक्क्यांपर्यंतच. ही मर्यादा कायद्यात नाही, नियमात आहे. अधिसूचनेने बदलता येते.

सरकारने मालकी घडवायची कल्पना महाराष्ट्राला परकी आहे असे कुणी म्हणू नये. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभारला, तो शेतकऱ्यांच्या शेअरवर. पुढे राज्याने भागभांडवल घातले, कर्जांना हमी दिली, 1960 चा सहकार कायदा केला. एका पिढीत गावोगावचे शेतकरी कारखान्याचे मालक झाले. पण मालकी ऊस लावणाऱ्याची. बॉयलरवर उभा राहणाऱ्याची नाही आणि बीडहून कोयता घेऊन येणाऱ्याची तर नाहीच. दार उघडताना ते कुणासाठी उघडायचे, हे आपण त्या वेळी ठरवले होते.

आणि खोट्या संस्थांचे काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. लहान सरकारी कामांत मजूर सहकारी संस्थांचा वाटा राखलेला आहे. त्यातल्या किती संस्थांत खरोखरचे मजूर आहेत आणि किती ठिकाणी ठेकेदाराच्या घरातल्या माणसांची नावे आहेत, हे तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून सवलत द्यायची तर दोन अटी घालूनच : लाभ सर्व कामगारांना एकाच सूत्राने, आणि विश्वस्तांत जुन्या मालकाचे व त्याच्या सोयऱ्यांचे बहुमत नाही. ब्रिटनला दुसरी अट सुचायला दहा वर्षे लागली.

राहता राहिला कंत्राटी कामगार, आणि खरे तर सगळ्यात अवघड गाठ तीच आहे. शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांच्या आजच्या नियमांत ईसॉप मिळतो तो कायम कर्मचाऱ्याला. भोसरी-चाकणला कायम किती उरलेत? ट्रस्ट झाला आणि वीस कायम लोक चाळीस कंत्राटींचे मालक झाले, तर आपण नवे शेठजी तयार केले इतकेच. सवलत हवी असेल तर दोन वर्षे त्याच शेडमध्ये काम केलेला प्रत्येक जण लाभार्थी, मग त्याच्या पगारपत्रकावर कुणाचेही नाव असो, असा नियम मी करीन. उद्योजक संघटनांना तो आवडणार नाही. युनियनमधल्या काही मित्रांनाही आवडणार नाही, हे मी त्यांच्यासमोर सांगतो.

यातले बरेचसे दिल्लीच्या हातात आहे, हे खरे. पण सगळे नाही. भोसरीच्या त्या शेडखालची जमीन एमआयडीसीची आहे, 95 वर्षांच्या लीजवर. कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी बदलली की हस्तांतरण शुल्काची फाइल निघते. घेणारा कर्मचाऱ्यांचा ट्रस्ट असेल तर हे शुल्क नाही, एवढा निर्णय मुंबईत होऊ शकतो. त्यासाठी दिल्लीला कुणी जायची गरज नाही.