वाटेवरचा निवारा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात, सप्ताहाच्या सांगतेदिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)





शंभर वर्षांचा इतिहास सांगायला जाणती मंडळी आहेत, त्यांचे लेख या ग्रंथात येतीलच. आमच्याकडे वेगळं काम सोपवलं होतं. बरड आणि नातेपुते यांच्या दरम्यान, धर्मपुरीच्या अलीकडे, एका शेतकरी कुटुंबाच्या रानात आपण जो निवारा बांधला तो कसा उभा राहिला, त्याचे नियम काय आणि पुढं त्याचं काय करायचं, हे निवारा समितीनं सगळ्यांसमोर मांडावं असं ठरलं. म्हणून समितीच्या वतीनं बोलतो आहोत.

वाटसरूला छप्पर देणं ही वारीच्या परंपरेत नवी गोष्ट नव्हे. आरफळच्या हैबतबाबांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली, आणि तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींच्या सेवेला अश्व येतात, तंबू येतो. म्हणजे बघा, प्रत्यक्ष माउलींच्या पादुकाही वाटेत दुसऱ्याच्या सेवेच्या निवाऱ्यात विसावतात. मग आपल्यासारख्यांनी कुणाच्या पडवीत पाठ टेकली तर त्यात कमीपणा कसला? पंढरपुरात होळकरांचा वाडा आहे, फडांचे मठ आहेत. गाडगेबाबांनी तर कीर्तनातून लोकांना जागं केलं आणि त्याच लोकांच्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. बांधायचं आणि आपलं म्हणून धरून ठेवायचं नाही, हा त्यांचा धडा आमच्या फार उपयोगी पडला. तो कसा, ते पुढं येईल.

निवाऱ्याची गरज का पडली? तुम्ही म्हणाल, आषाढीला राहुट्या असतात, सामानाचा ट्रक असतो, टँकर असतो. खरं आहे. दिंडीतल्या माणसाची सोय दिंडी करते. पण बरड ते नातेपुते ही वाटचाल विसेक किलोमीटरची. म्हातारी माणसं, पायाला फोड आलेली माणसं मागं पडतात. दिंडी पुढं गेलेली असते, ट्रक तर त्याच्याही पुढं. पूर्वी अशा माणसाला रस्त्याकडेचा वड, चिंच, कडुलिंब आधार द्यायचे. बुंध्याला टेकायचं, भाकरी सोडायची, उठायचं. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. रस्ता रुंद झाला, चालायला कडेनं वेगळी जागा धरली, ही सोय मोठीच. पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. या पट्ट्यात आषाढातही पाऊस हुलकावणी देतो आणि ऊन चटके देतं. नवीन लावलेलं रोप सावली धरायला बरीच वर्षं घेतं. तोवर माणसानं बसावं कुठं?

दुसरी गोष्ट. आषाढीचा सोहळा सगळ्या जगाला दिसतो. पण आपल्यातले कितीतरी जण कार्तिकीला, माघीला, चैत्रीला जातात, आणि महिन्याचे वारकरी तर दर शुद्ध एकादशीला निघतात. दोघं-तिघं, खांद्यावर पताका, काखेत पडशी. त्यांच्यामागं ना ट्रक, ना टँकर, ना डॉक्टरचं पथक. आषाढीला गावोगाव जेवायला वाढणारे हात असतात, पण माघातल्या थंडीत रात्री आठ वाजता महामार्गाच्या कडेनं चालणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना पाठ टेकायला जागा कोण देणार? हा निवारा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आषाढीला आपल्याला तो लागतो एक दुपार, उरलेलं सगळं वर्ष तो त्यांचा.

आता जागेचं. जागा विकत घ्यावी असं पहिल्या बैठकीत काहींचं मत होतं. पण शेतजमिनीच्या व्यवहाराला कूळकायदा आडवा येतो. जो शेतकरी नाही त्याला, म्हणजे आपल्या ट्रस्टलाही, परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्याची खरेदी म्हटली की तुकडेबंदीचा प्रश्न उभा राहतो. आणि कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की ज्या कुटुंबाची काही जमीन आधीच रस्त्यात गेली, त्यांच्याकडं आणखी मागायला तोंड कुठलं? त्या कुटुंबानं पिढ्यान्‌पिढ्या आपल्या दिंडीला दुपारची विश्रांती दिली. ज्वारीच्या काळापासून ते आता नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहीपर्यंत, बांधाकडेचा एक तुकडा ते आपल्यासाठी मोकळा ठेवत आले. त्याच तुकड्यावर निवारा उभा करू द्या, एवढंच मागणं घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर गेलो.

थोरल्या भावानं लगेच हो म्हटलं. धाकट्यानं मात्र स्पष्ट विचारलं. त्यांचं बोलणं आम्ही लिहून घेतलं होतं, तेच सांगतो. ते म्हणाले, "महाराज, तुमच्यावर विश्वास आहे. पण आज तुम्ही पत्रा टाकाल. उद्या कुणीतरी मूर्ती बसवील. परवा कळस होईल. मग माझ्या नातवाला या जागेत नांगर घालायचा म्हटला तर सारा गाव म्हणेल, देवाच्या जागेवर नांगर घालतो. तेव्हा आम्ही काय करायचं?"

मंडळी, या प्रश्नावर रागवायचं कारण नाही. अशा जागा गेलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. प्रश्न विचारणारा माणूस देवाच्या विरुद्ध नव्हता, तो आपल्या लेकरांची भाकरी राखत होता.

परत आल्यावर आपल्या दिंडीत यावर दोन बैठका झाल्या आणि आवाजही चढले. वारकऱ्यांचा निवारा आणि त्यात विठ्ठल नाही, हे कसं? असं म्हणणारी मंडळी वयानं, वारीनं आमच्यापेक्षा मोठी होती. शेवटी आपल्या विणेकरीबुवांनीच वाट काढली. ते म्हणाले, "वीणा उभी राहते तिथं देव असतो. दिंडी येईल तेव्हा वीणा येईल, दिंडी उठेल तेव्हा वीणा उठेल. त्या कुटुंबाच्या रानात देवाला कोंडून कशाला ठेवता?" त्यानंतर कुणी बोललं नाही. निवाऱ्यात मूर्ती नाही, पादुका नाहीत, दानपेटी नाही. खांबावर तसबीरही कायमची लावायची नाही, असं ठरलं आणि तसं दस्तात लिहिलं.

दस्ताबद्दल थोडं सांगतो, कारण इतर दिंड्यांची मंडळी विचारतात. तोंडी शब्दावर बांधकाम करू नये. सातबारा त्या कुटुंबाच्याच नावावर राहिला. आपल्या ट्रस्टला दहा वर्षांसाठी वापराची परवानगी मिळाली, ती नोंदणी करून घेतली. ग्रामपंचायतीला आणि तहसील कार्यालयात आधी विचारलं. महामार्गाच्या कडेला बांधताना रस्त्यापासून ठरावीक अंतर सोडावं लागतं, ते मोजून घेतलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, सातबाऱ्याला हक्क असलेल्या प्रत्येकाची सही घेतली. दोघं भाऊ तर झालेच, पण लग्न होऊन गेलेल्या दोन बहिणींचाही वडिलांच्या जमिनीत हक्क आहे. बहिणींना काय विचारायचं, असं म्हणणारे असतात. आम्ही दोघींच्या घरी जाऊन आलो.

थोरल्या बहिणीनं सही करण्याआधी एक अट घातली. त्या म्हणाल्या, "आतून कडी लागेल अशी न्हाणी बायकांसाठी बांधणार असाल तर सही करते. मी लहानपणापासून बघते, बाया पहाटे तीनला उठून टँकरखाली अंधारात अंग धुतात, ओलं लुगडं अंगावर वाळवतात." सांगायला संकोच वाटेल, पण आमच्या पहिल्या आराखड्याच्या कागदावर न्हाणीघर रस्त्याच्या बाजूला होतं. त्यांच्या सांगण्यावरून ते मागं, उसाच्या बाजूला घेतलं आणि आधी ते बांधलं, छप्पर नंतर. आज आपल्या तुळशीवाल्या माउली त्या बाईंचं नाव घेतात ते उगाच नाही.

बांधकामाचं थोडक्यात. जमीन काळी, कसदार. उसाला उत्तम, घराला वाईट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या भिंतीला तडे देते. म्हणून खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत खोल नेले. जोतं दोन फूट उचललं, आत मुरमाची भर घालून धुम्मस केली, वर शहाबादी फरशी. चाळीस बाय वीसचं छप्पर लोखंडी पाइपच्या खांबांवर आहे आणि सगळे सांधे नट-बोल्टचे आहेत. वेल्डिंग स्वस्त पडलं असतं. पण उद्या त्या कुटुंबानं जागा मागितली तर दोन दिवसांत सोडवून ट्रॉलीत भरता यावं, हा शब्द दिला आहे. पत्रा दुपारी तापतो, म्हणून उंची वाढवली आणि चारी बाजूंनी वारा खेळता ठेवला. फक्त पश्चिमेला कमरेइतकी भिंत आहे, तिकडून पाऊस झोडपतो. कडेनं दगडी कट्टा केला तो गुडघ्याच्या उंचीचा, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठवत नाही.

संडासाला काळ्या मातीत शोषखड्डा चालत नाही, पाणी मुरत नाही. म्हणून विहिरीपासून लांब बंद टाकी बांधली, ती आषाढीच्या आधी उपसून घ्यायची. शेतीपंपाच्या जोडणीवर दिवे लावता येत नाहीत, म्हणून सौर दिवे बसवले, मोबाइल चार्ज करायचीही सोय केली. शेताला पाणी चालू असलं की यजमान आपली टाकी भरून देतात. छपरापासून लांब अंतरावर दोन वड आणि चार कडुलिंब लावले आहेत, शेळ्यांपासून राखायला काटेरी कुंपण केलंय. वड मोठे झाले की पत्र्याची गरज राहणार नाही, आणि तेच आमच्या मनात आहे.

पाटीवरूनही चर्चा झाली. देणगीदारांची नावं कोरावीत का? दिंडीचं नाव मोठ्या अक्षरात लिहावं का? इथं गाडगेबाबांचा धडा आठवला. पाटीवर एवढंच लिहिलं आहे: ही जागा शेतकऱ्याची आहे. बसा, झोपा, पाणी प्या, केर काढून पुढं जा. कुलूप नाही. दिंडी कुठली, गाव कुठलं, जात कुठली, हे विचारणारा कुणी तिथं बसवलेला नाही आणि बसवायचाही नाही. एकदा एक ट्रकचालक रात्रभर पावसात तिथं थांबला. कुणीतरी तक्रार केली, की हा वारकरी नव्हता. आम्ही म्हटलं, पाऊस त्याच्याही डोक्यावर पडत होता.

आता खरं मागणं. बांधणं सोपं होतं, मंडळी. शताब्दीचा उत्साह होता, वर्गणी आली, गवंडी आणि लोहारकाम करणारे आपल्यातलेच होते, त्यांनी मजुरी घेतली नाही. अवघड आहे ते राखणं. आषाढी उलटल्यावर त्या रानात पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे पेले यांचा खच पडतो, आणि तो यजमानाच्या उसात उडतो. पाटात अडकतो. धाकट्या भावाची भीती कळसाची होती, तो कळस काही झाला नाही. पण कचऱ्यानं त्यांचं रान नासलं, तरी शब्द मोडल्यासारखंच होईल.

म्हणून समितीनं तीन गोष्टी ठरवाव्यात असं सुचवलं आहे. पहिली, दिंडीत बारा गावांची माणसं आहेत, दर गावानं एक महिना उचलावा. त्या महिन्याच्या शुद्ध दशमीला दोन माणसांनी जाऊन झाडलोट करावी, टाकी धुवावी, नट-बोल्ट तपासावेत, झाडांना पाणी घालावं. एकादशीला पंढरीला जाणारे भेटतील, तीच भेट समजा. दुसरी, दुरुस्तीसाठी एका मोठ्या देणगीदाराकडं जाऊ नये. भिशीतूनच प्रत्येकी थोडी रक्कम दर साली बाजूला काढावी, म्हणजे निवारा सगळ्यांचा राहील, कुणा एकाचा होणार नाही. तिसरी, आषाढीला आपला तळ उठला की शेवटची वीस माणसं मागं राहतील आणि पोती घेऊन रान झाडतील. तरण्या पोरांनी यात नावं द्यावीत. दिंडी चुकेल म्हणून घाबरू नका, नातेपुत्याच्या मुक्कामाला त्यांचं ताट राखून ठेवायची जबाबदारी समितीची.

दहा वर्षांनी तो दस्त संपेल. तेव्हा सही करायला कदाचित दोघं भाऊ नसतील, आमच्यातलेही बरेच नसतील. त्यांची मुलं, नातवंडं बसतील आणि विचार करतील, की या लोकांना पुन्हा जागा द्यावी का? त्या दिवशी आपला कागद कुणी वाचणार नाही. दहा वर्षं आपण त्यांच्या बांधावर कसे वागलो, तेच ते आठवतील. नको म्हणाले तर बोल्ट सोडवायचे, जागा झाडून द्यायची, आणि पाया पडून निघायचं. हो म्हणाले तर ती पांडुरंगाची कृपा.

आज मंडपात ते सगळं कुटुंब आलं आहे. दोघं भाऊ, दोघी बहिणी, सुना, नातवंडं. शाल-श्रीफळ त्यांनी नको म्हटलं आहे. म्हणून आपण असं करू, बारा गावांची नावं पुकारू, ज्या गावाचा जो महिना ठरेल त्या गावच्या दोन माणसांनी उभं राहून त्यांच्यासमोर शब्द द्यावा. हाच त्यांचा सत्कार.

चैत्रापासून सुरुवात करू. बोला, चैत्र कुणाचा?

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!