नावेतून दिसणारी गोदावरी



गेवराई-माजलगावच्या बाजूला गोदावरीला गोदावरी म्हणणारी माणसे थोडी. आपण तिला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठाला गंगथडी. बीड जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द या गंगेनेच आखून दिली आहे. घाटावर स्नान करताना, पुलावरून एस. टी.ने जाताना, नाहीतर पूर आला म्हणजे देवळाच्या वरच्या पायरीवर उभे राहून आपण ती पाहतो. या सगळ्या ठिकाणी आपण जागच्या जागी असतो आणि पाणी आपल्यापुढून निघून जाते. नावेत बसले म्हणजे मात्र पाण्याची चाल अंगाला कळू लागते. ती कशी ओळखावी, एवढाच आजचा विषय आहे. शिक्षक बंधुभगिनींनी थोडे जास्त लक्ष द्यावे, कारण शेवटी त्यांच्याकडे एक मागणे आहे.

राक्षसभुवनचे शनीचे स्थान आपल्याला ठाऊक आहे. १७६३ साली पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली ती याच गावाजवळ. अशा गावी पलीकडच्या थडीला जायचे झाले, की नावाडी काय करतो ते पाहा. तो नाव सरळ समोर घालत नाही. आधी काठाकाठाने, जिथे पाणी संथ असते तिथून, ती वर नेतो. मग तिरपी सोडतो. धार तिला खाली ओढते आणि नाव बरोबर समोरच्या उतारावर लागते. याला कुणी गणित म्हणत नाही, पण हे गणितच आहे. नाव नसली म्हणजे आपल्याकडे गुळाच्या काहिलीत बसूनही माणसे नदी ओलांडतात. काहिलीला ना सुकाणू ना टोक. धारेत सापडली की ती गरागरा फिरते, आणि धार म्हणजे काय हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता नावेत बसल्यावर पाण्याकडे बघा. वारा पडलेला आहे, तरी एके ठिकाणी बारीक लाटा थरथरताहेत आणि त्या जागा सोडत नाहीत. तिथे पाणी उथळ आहे, खाली वाळूचा किंवा गोट्यांचा उंचवटा आहे. दुसरीकडे पाणी काळसर, गुळगुळीत आणि सावकाश. तो डोह. कुठे पाण्यावर चिमट्यासारख्या दोन रेघा उमटलेल्या दिसतात. चिमट्याचे टोक वरच्या अंगाला, जिकडून पाणी येते तिकडे असेल, तर टोकाशी पाण्याखाली खडक किंवा झाडाचे खोड दडलेले आहे असे समजावे. टोक खालच्या अंगाला असेल, तर दोन अडथळ्यांच्या मधून मोकळी वाट गेली आहे. आणि कुठे पाणी खालून उकळी फुटल्यासारखे वर येते. तिथे तळ सपाट नाही, पाणी कशावर तरी आपटून वर ढकलले जात आहे. वरचे पाणी तळाची बातमी सांगत असते, ती अशी.

नदीला वळण आले म्हणजे आणखी एक गंमत दिसते. बाहेरच्या बाजूची दरड सरळ तुटलेली असते, बाभळीची मुळे उघडी पडलेली असतात आणि पाणी खोल असते. आतल्या बाजूला मात्र वाळूचे मैदान पसरलेले. एका थडीच्या शेतकऱ्याचे शेत नदी कापून नेते आणि वळणाच्या आतल्या अंगाला मळई घालते. असे का व्हावे?

याचे उत्तर चहाच्या पेल्यात आहे. काचेच्या, सपाट तळाच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चिमूटभर चहाचा चोथा टाका आणि चमच्याने गोल ढवळा. चमचा काढून घ्या. फिरणाऱ्या पाण्याने चोथा कडेला फेकला जाईल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो तळाच्या मध्यभागी गोळा होतो. हे कोडे आइन्स्टाइन यांनी १९२६ साली एका लेखात उलगडून सांगितले आणि त्याचाच धागा नद्यांच्या वळणांना जोडला. वरचे पाणी वेगाने फिरते म्हणून ते कडेकडे जाते. तळाचे पाणी तळाला घासून मंदावते, त्याला कडेला रेटणारा जोर कमी पडतो, म्हणून ते मध्याकडे सरकते आणि जाताना चोथा ओढून नेते. वळणावरची नदी हेच करते. वरचे वेगवान पाणी बाहेरच्या दरडीला भिडते, तळाचे पाणी वाळू घेऊन आतल्या काठाकडे जाते. पेला आणि चोथा कोणत्या शाळेत मिळणार नाही?

आता मंजरथला जाऊ. राक्षसभुवन ते मंजरथ सलग नावेने जाता येत नाही, कारण वाटेत पात्रात बंधारे आडवे आहेत. मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. ही सिंदफणा आपल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि वाटेत बीडची बिंदुसरा तिला मिळते. म्हणजे बीड शहराच्या पत्र्यांवर पडलेला पाऊस मंजरथला गंगेत जातो. एका नदीला नवे पाणी आलेले आणि दुसरी ओसरलेली असली, म्हणजे संगमावर दोन रंग शेजारी शेजारी चालताना दिसतात. दोघींचा वेग सारखा नसतो, गाळ सारखा नसतो, म्हणून त्या चटकन एकमेकींत मिसळत नाहीत. दक्षिण अमेरिकेत ब्राझील देशातल्या मानाउस शहराजवळ एक काळी आणि एक गढूळ अशा दोन मोठ्या नद्या कित्येक किलोमीटर अशाच शेजारी वाहतात, आणि ते पाहायला लोक मुद्दाम बोटीने जातात. पण एक ध्यानात ठेवा. दोन रंगांच्या मधल्या रेघेवरच पाणी पाण्याला घासते आणि तिथेच भोवरे सुटतात. जाणता नावाडी त्या रेघेवर नाव रेंगाळू देत नाही.

हे पाणी पुढे कुठे जाते? नांदेडवरून तेलंगणाच्या हद्दीशी गेले, की कंदकुर्ती येथे तिला मांजरा मिळते. ही मांजराही आपल्याच पाटोदा तालुक्यातली. बालाघाटाच्या एका उतारावरचा पाऊस सिंदफणेने गेला, दुसऱ्या उतारावरचा मांजरेने लातूर, बिदर असा ७०० किलोमीटरांहून लांबचा वळसा घालून आला, आणि दोघांची गाठ परमुलखात पडली. पुढे विदर्भाचे पाणी घेऊन प्राणहिता येते, बस्तरचे पाणी घेऊन इंद्रावती येते आणि त्यानंतर शबरी. एवढे सगळे पाणी घेऊन गोदावरी पूर्व घाटाच्या डोंगरांपुढे उभी राहते आणि त्यातून वाट काढते. आंध्र प्रदेशातल्या या भागाला पापीकोंडलू म्हणतात. तिथे प्रवासी लाँच चालते आणि दिवसभर नदीतून फिरवून आणते.

त्या लाँचच्या वरच्या मजल्यावर बसून दोन्ही बाजूंना पाहावे. झाडीने भरलेले डोंगर पाण्यापासूनच उभे चढतात. पात्र काही ठिकाणी सुमारे २०० मीटरच उरते. याच नदीवर खाली राजमहेंद्रीला १९०० साली रेल्वेचा पूल सुरू झाला, त्याची लांबी सुमारे ३ किलोमीटर भरली. आता विचार करा. जे पाणी खाली ३ किलोमीटर रुंदीत पसरते, ते इथे एवढ्याशा फटीतून कसे जात असेल? रुंदीला जागा नाही, म्हणून ते खोलीत जाते. उन्हाळ्यात ते इतके निवांत दिसते, की नदी थांबली आहे असे वाटावे. पूर आला म्हणजे मात्र त्याला पसरायला जागाच नाही. आपल्याकडे पूर रानात शिरतो. तिथे तो डोंगराच्या अंगाने वर चढतो, आणि वळणावळणावर भोवरे मांडतो.

१५ सप्टेंबर २०१९ रोजी याच भागात, देवीपट्टणमजवळच्या कच्चुलूरू येथे, पुराच्या पाण्यात एक प्रवासी लाँच उलटली. वर ७० हून अधिक माणसे होती. त्यांतली ४० हून अधिक गेली. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो, तेव्हाच तो पाहावासा वाटतो. आणि नदी नावेला सर्वांत कमी दया दाखवते तीही तेव्हाच. म्हणून तिथे गेलात तर डिसेंबर-जानेवारीत जा, अंगावर तरंगते जाकीट घाला, आणि फेरी बंद आहे असे सांगितले तर रागावू नका.

तुम्ही म्हणाल, पापीकोंडलू कुठे आणि आमचे गाव कुठे! पण श्रोतेहो, आपल्या गंगथडीलाही हीच अक्षरे वाचता आली पाहिजेत. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पुरे झाले. तेव्हापासून खालच्या नदीला पाणी येते ते बहुधा दरवाजे उघडल्यावर. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असते आणि नदी चढते. विसर्ग १ लाख क्युसेक, असे बातम्यांत सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. तेव्हा १ लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. उन्हाळ्यात गावाला येणारा टँकर १० हजार लिटरचा धरला, तर दर सेकंदाला २८० टँकर! म्हणून विसर्गाची बातमी कानावर आली, की मोटारी, जनावरे आणि वाळवंटातले बिऱ्हाड आधी वर घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. पाणी तळाची बातमी सांगते, असे मी मघाशी म्हणालो. वाळवंट नदीने स्वतः घातलेले असते तेव्हा ते सावकाश उतरत जाते. पाऊल पुढे टाकताना घोटा, गुडघा, कंबर अशी खोली कळत जाते. पण गोदावरीच्या आणि सिंदफणेच्या पात्रातून यंत्रांनी वाळू उपसली, की मधोमध उभ्या कडेचे खड्डे पडतात. पुढे त्यांत पाणी भरते. वरून सगळे सारखेच दिसते, ना लाट ना भोवरा. गुडघाभर पाण्यातून चालणारे पोर पुढच्या पावलाला पुरुषभर खोल जाते. खड्ड्याची कड वाळूची, धरायला गेले की हातात ढासळते. अशा खड्ड्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्याने वाचल्या आहेत. नदीची अक्षरे वाचणाऱ्यालाही हा खड्डा वाचता येत नाही, कारण तो नदीने लिहिलेलाच नाही.

म्हणून शिक्षकांकडे मागणे असे. दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, एक दिवस मुलांना नदीवर न्या. गावातल्या भोई मंडळींपैकी एखाद्या जुन्या जाणत्या नावाड्याला सोबत बोलवा आणि त्या दिवसाचा गुरुजी त्यालाच करा. मुलांनी काठावर बसावे आणि तो दाखवील ते पाहावे: उथळ कुठे, डोह कुठे, दरड कुठली तुटेल. दुसऱ्या दिवशी वर्गात पेल्यात चोथा फिरवून दाखवा. मुलांना गावच्या नदीचा नकाशा काढायला सांगा आणि उपशाच्या खड्ड्यांवर लाल खूण करायला लावा. तो नकाशा शाळेत न ठेवता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. पुढल्या पावसाळ्यानंतर नवा काढा, कारण नदी दरसाल पात्र बदलते.

आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांनो, पोर नदीवर निघाले तर "जाऊ नको" एवढेच म्हणून भागत नाही, ते जाणारच. कोणत्या जागी उतरायचे आणि कोणत्या जागी नाही, हे एकदा बरोबर जाऊन दाखवा. आपल्या आजोबांनी आपल्याला दाखवले होते, तसे.