ओढलेली फाइल गेली कुठं?

मागच्या वेळी आपण गटाच्या ठरावाचं पुस्तक कसं लिहायचं ते बोललो होतो. आज जरा वेगळा विषय घेतलाय. कॉम्प्युटर. लगेच रेडिओ बंद करू नका. ज्यांनी कधी माऊस हातात धरला नाही त्यांनीही ऐका, कारण तुमच्या गटाचा हिशेब आता कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये आहेच.

गोष्ट गेल्या ऑक्टोबरमधली, म्हणजे २०२५ ची. आमच्या प्रभागसंघाचं ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक सतरंजी आणि एक कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा मिळणार नाहीत, असं कंपनीनं आधीच सांगितलेलं होतं. त्या तारखेला कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता, पण आमच्याकडं सगळ्या गटांची बँकेची माहिती, म्हणून धोका नको, असं बैठकीत ठरलं. शनिवारी कॉम्प्युटर तालुक्याला एका दुकानात नेला, सोमवारी विंडोज ११ घालून परत आणला. दुकानातला मुलगा म्हणाला, "सगळं जसंच्या तसं आहे, फक्त रूप बदललंय."

मंगळवारी आमच्या लेखापाल आक्का बसल्या. आक्का दहावी पास. खतावणी इतकी स्वच्छ लिहितात की ऑडिटवाले साहेब फोटो काढून घेऊन गेले होते. पन्नाशीला आल्यावर कॉम्प्युटर शिकल्या, वहीत एकेक पायरी लिहून. त्यांच्या वहीत लिहिलेलं, "फाइलवर माऊसचं डावं बटण दाबून धरायचं, ओढत न्यायचं, जागेवर आलं की सोडायचं." इंग्रजीत याला ड्रॅग अँड ड्रॉप म्हणतात. आक्का म्हणतात ओढासोड. मीही आता तेच म्हणते.

त्या आठवड्यात तीन गटांची कर्जाची कागदपत्रं बँकेत पाठवायची होती. त्यातल्या एका गटाला मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं होतं आणि विक्रेत्यानं दिलेला भाव महिनाअखेरपर्यंतच होता. बँकेच्या साहेबांनी सांगितलेलं, गुरुवार संध्याकाळपर्यंत कागद पूर्ण आले तर दिवाळीच्या सुट्ट्यांआधी प्रकरण पुढं जाईल, नाहीतर नंतर बघू. हे 'नंतर बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुपारी अडीचला आक्कांचा फोन. मी दुसऱ्या गावात बैठकीत. "ताई, मी गटांचं फोल्डर घालवलं." एवढंच बोलल्या आणि गप्प. मग म्हणाल्या, "उद्यापासून कुणी शिकलेली पोरगी बसवा. माझ्याच्यानं होत नाही हे."

मैत्रिणींनो, खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. फोल्डरचा नव्हे, फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर होती, जरी पंधरा दिवस जुनी. गोळा आला तो आक्का उठून जातील म्हणून. सहा वर्षं ज्या बाईनं एक रुपयाचा फरक येऊ दिला नाही, तिनं नव्या यंत्रापुढं हात टेकायचे?

बुधवारी सकाळी आठला आम्ही दोघी बसलो. मी बीए, तेही मराठीत. माझंही ज्ञान आक्कांच्या वहीपेक्षा फार मोठं नाही. पण मी एक ठरवलं होतं, आधी काय काय घडलं ते विचारायचं, मग हात लावायचा. आजारी माणसालाही डॉक्टर आधी विचारतात ना, कधीपासून दुखतंय?

आक्कांनी सांगितलं, फोल्डर डेस्कटॉपवर होतं. ते जरा बाजूला सरकवायला म्हणून ओढलं, तर मध्येच सुटलं आणि दिसेनासं झालं. घाबरून त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. इथं एक लक्षात ठेवा. ओढताना फाइल चुकीच्या जागी पडली तर कशालाही हात न लावता कंट्रोल आणि झेड ही दोन बटणं एकत्र दाबायची. शेवटची हालचाल उलटी होते, फाइल जागेवर परत येते. पण कॉम्प्युटर बंद केला की ही आठवण पुसली जाते. आक्कांनी नेमकं तेच केलं होतं.

तरी फोल्डर जाणार कुठं? ओढल्यानं फाइल पुसली जात नाही, कचऱ्याच्या डब्यावर सोडली तरी ती त्या डब्यात असतेच. मध्येच सुटली म्हणजे वाटेतल्या कुठल्या तरी फोल्डरच्या पोटात गेली. आम्ही पिवळ्या फोल्डरचं चित्र दाबून फाइल एक्स्प्लोरर उघडलं, डाव्या बाजूला 'धिस पीसी' निवडलं, वर उजवीकडच्या शोधाच्या चौकटीत फोल्डरचं नाव टाकलं आणि थांबलो. दोनेक मिनिटं गेली असतील. फोल्डर सापडलं, 'प्रशिक्षण फोटो' नावाच्या फोल्डरमध्ये. सगळं जसंच्या तसं. आक्का काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि चहा ठेवला.

पण मध्येच सुटलं का? आक्का म्हणाल्या माझा हात थरथरतो. मी ओढून पाहिलं तर माझ्याही हातून सुटलं. एकदा दाबलं तर दोनदा दाबल्यासारखं व्हायचं, फाइल आपोआप उघडायची. मग शंका आली माऊसची. तो कॉम्प्युटरबरोबर घेतलेला, सहा वर्षांचा. त्याच्या बटणाखालचा खटका झिजतो आणि दाबून धरलेलं बटण त्याला मध्येच सोडल्यासारखं वाटतं. ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटर भावाकडून त्याचा माऊस मागून आणला, जोडला, आणि ओढासोड सुरळीत! म्हणजे विंडोज बदलल्याचा आणि याचा काही संबंधच नव्हता. माऊस आधीपासून कुरकुरत होता, पण नवीन रूप बघून सगळा दोष नव्या विंडोजवर गेला. सून नवी आली की घरात फुटलेली जुनी कपबशीही तिच्याच नावावर जाते, तसं.

तुमच्याकडं असं झालं तर पहिली परीक्षा हीच करा. दुसरा माऊस लावून बघा. लॅपटॉप असेल तर बोटाच्या पट्टीनं ओढून बघा, पट्टीवर दोनदा टिचकी मारायची आणि दुसऱ्या टिचकीला बोट न उचलता सरकवायचं. माऊसनं होतंय आणि पट्टीनं होत नाही, किंवा उलट, म्हणजे खोट कुठं ते कळलं. विंडोज बदलल्यावर पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम, कधी कधी नव्यानं घालावा लागतो. तो सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग ऑप्शनल अपडेट्स इथं मिळू शकतो.

आता वाटलं काम संपलं. छे. खरी गंमत पुढंच होती.

बँकेला प्रत्येक गटाचे कागद एकाच पीडीएफमध्ये हवे होते. ठराव, सभासदांची यादी, पासबुकाचं पान, सगळं स्कॅन केलेलं. आमच्याकडं कागद जोडायचा एक प्रोग्रॅम आहे, त्याच्या खिडकीत फाइली ओढून सोडायच्या की तो जोडून देतो. आक्कांनी फाइल उचलली, खिडकीपर्यंत नेली, तर बाणाच्या जागी गोल आणि त्यात आडवी रेघ. प्रवेश बंदच्या पाटीसारखी. माऊस चांगला, तरी घेईना.

मी दुकानात फोन लावला. उचलला नाही. मग एक व्हिडिओ बघितला, त्यातला माणूस म्हणाला, विंडोजची परवानगी विचारणारी व्यवस्थाच बंद करून टाका. हे मात्र करू नका बरं का! प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये मोठा बदल करायला निघाला की पडदा काळपट होऊन 'होय की नाही' विचारतो, तीच ती व्यवस्था. ती आपल्या दाराची कडी आहे. एक खिडकी उघडत नाही म्हणून दाराची कडी काढून टाकतं का कुणी? आणखी एक, अशा वेळी 'तुमची स्क्रीन मला दाखवा, मी दुरुस्त करतो' असा अनोळखी फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा. गटाचं बँक खातं त्याच कॉम्प्युटरवर बघतो आपण.

उत्तर मिळालं ते त्या ऑपरेटर भावाकडून. माऊस परत न्यायला आला होता. त्यानं विचारलं, "हा प्रोग्रॅम उघडताना परवानगी मागतो का?" मागत होता. आधी मागत नव्हता. तो म्हणाला, तिथंच मेख आहे. झालं होतं असं की दुकानातल्या मुलानं, नव्या विंडोजवर नीट चालावा म्हणून, तो प्रोग्रॅम कायम ॲडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे मुख्य मालकाच्या अधिकारानं उघडेल अशी खूण करून ठेवली होती. आणि विंडोजचा नियम असा आहे की साध्या अधिकारानं चालणाऱ्या खिडकीतून मालकाच्या अधिकारानं चालणाऱ्या खिडकीत काही टाकता येत नाही. आपली फाइलींची खिडकी साध्या अधिकारानं चालते. नियम मुद्दामच केलेला आहे, नाहीतर कुठलाही लबाड प्रोग्रॅम मोठ्या अधिकाराच्या प्रोग्रॅमला हुकूम सोडेल. कलेक्टर कचेरीत आपण अर्ज खिडकीतून देतो, साहेबांच्या टेबलावर नेऊन टाकू देत नाहीत, त्यातलाच प्रकार.

इलाज अर्ध्या मिनिटाचा. प्रोग्रॅम बंद केला. त्याच्या चित्रावर उजवं बटण, प्रॉपर्टीज, त्यात कम्पॅटिबिलिटी नावाचं पान, आणि 'रन धिस प्रोग्रॅम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर' समोरची खूण काढली. ओके. पुन्हा उघडला. आक्कांनी फाइल ओढली, सोडली, आत गेली. आक्का म्हणाल्या, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?" मी म्हटलं, "आक्का, तुमचं फक्त एकच चुकलं, कॉम्प्युटर बंद केलात ते."

हे झाल्यावर मला कितीतरी जणींचे फोन आले, कारण त्या महिन्यात खूप ठिकाणी विंडोज बदललं गेलं. एकीचं म्हणणं, काहीच ओढलं जात नाही, माऊस बदलून झाला. तिला सांगितलं, कुठल्याही फाइलवर डावं बटण दाबून धर आणि एस्केप बटण एकदा दाब, मग सोड. अडकलेली ओढासोड कधी कधी एवढ्यानं सुटते. नाहीच सुटली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, यादीत विंडोज एक्स्प्लोरर शोधायचा, त्यावर उजवं बटण आणि रीस्टार्ट. पडदा क्षणभर रिकामा होतो, घाबरायचं नाही, परत येतो. तिचं यानंच झालं.

दुसरीची तक्रार निराळी. फाइल खालच्या पट्टीवरच्या प्रोग्रॅमवर ओढून नेली की त्याची खिडकी वर येत असे, ते आता होत नाही. ही तिची चूक नव्हती आणि बिघाडही नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ पहिल्यांदा आलं तेव्हा ही सोयच त्यात नव्हती. लोकांनी ओरड केली आणि सप्टेंबर २०२२ च्या २२एच२ या आवृत्तीत ती परत दिली. तिच्या भाच्यानं जुना लॅपटॉप दिलेला, त्यात ती पहिलीच आवृत्ती. बघायचं कसं? विंडोजचं बटण आणि आर एकत्र, चौकटीत इंग्रजीत विनव्हर टाइप करून एंटर. आवृत्ती समोर येते. जुनी असेल तर अपडेट करून घ्या.

आणि एक प्रश्न सगळ्याच जणी विचारतात. पेनड्राइव्हवर ओढलं तर फाइल दोन्हीकडं राहते, पण कॉम्प्युटरमध्येच एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढलं तर पहिल्यातून जाते, असं का? एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं तर ती जागा बदलते, या खोलीतून त्या खोलीत. दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं तर झेरॉक्स जाते, मूळ कागद घरात राहतो. एकाच ड्राइव्हमध्येही प्रतच हवी असेल तर ओढताना कंट्रोल दाबून ठेवायचं. हे पाठ करायचं नसेल तर सोपी युक्ती आहे. डाव्याऐवजी उजव्या बटणानं ओढा. सोडल्यावर तो स्वतःच विचारतो, इथं कॉपी करू की हलवू? चुकून सोडलं तर कॅन्सल आहेच. आक्का आता फक्त अशीच ओढतात.

हात थरथरतो, डोळ्याला कमी दिसतं, त्यांनी ओढूच नये, असं माझं मत. फाइल निवडा, कंट्रोल आणि सी, हव्या त्या जागी जा, कंट्रोल आणि व्ही. हलवायची असेल तर सीऐवजी एक्स. विंडोज ११ मध्ये उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत कट आणि कॉपी खालच्या ओळींमध्ये शोधू नका. ती कात्रीची आणि दोन कागदांची लहान चित्रं यादीच्या टोकाला एका ओळीत असतात. मला ती सापडायला दोन दिवस लागले होते.

तिन्ही गटांचे कागद गुरुवारी दुपारी चारला गेले. कांडप यंत्र नोव्हेंबरात आलं, त्याचा आवाज आमच्या ऑफिसपर्यंत येतो. नवा माऊस घेतला, त्याचं बिल आक्कांनी खतावणीत 'किरकोळ खर्च' म्हणून लिहिलंय, आणि पुढं कंसात कारणही.

येत्या मंगळवारी अकरा वाजता ऑफिसात ज्यांना ओढासोड शिकायची आहे त्यांनी यावं. शिकवणार आक्का आहेत. आपापली वही घेऊन या, आणि घरी लॅपटॉप असेल तर चार्जरसकट. नमस्कार.