मागच्या दाढांचे दंतरोपण : स्थैर्य आणि देखरेख



धर्मादाय निधीतून बसविलेली कृत्रिम दाढ किती वर्षे टिकते, असा प्रश्न आपणांपैकी अनेकांनी आम्हांस विचारला आहे. कान्हे येथील आजच्या सभेत त्याचे प्रांजळ उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

टायटॅनियम धातूशी जिवंत हाड एकजीव होते, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रॉनमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसविले. २००६ साली लार्सन यांचे निधन झाले, तोवर सुमारे ४० वर्षे ते कामी आले. मात्र एवढ्यावरून मागच्या दाढांची हमी देता येत नाही.

चावण्याचा भार मागे कितीतरी अधिक असतो. वरच्या जबड्याचे मागील हाड मऊ व सच्छिद्र असून त्यावर सायनसची पोकळी असते. दाढ काढून वर्षे लोटली, की हाड झिजते. मग पुष्कळदा हाडाची भर घालावी लागते. खालचे हाड घट्ट असते, परंतु ओठ व हनुवटीला संवेदना देणारी नस त्यातूनच जाते.

आपल्या मावळात भातलावणीनंतर रोप काही दिवस पिवळे पडते आणि मग मूळ धरते. दंतरोपणाचेही तसेच आहे. पहिली पकड स्क्रूच्या आट्यांची असते. ती ओसरते आणि नवे हाड धरू लागते. या संधिकाळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, स्थैर्य सर्वांत कमी असते. म्हणून आम्ही काही महिने थांबून मगच वरची दाढ बसवितो. कुटुंबीयांना हा विलंब वाटतो; वास्तविक ती उपचाराचीच पायरी आहे.

पुढील वर्षांचा धोका वेगळा आहे. पहिल्या वर्षानंतर खुंटाभोवतीचे हाड दरवर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी झिजावे, हा निकष १९८६ साली मांडला गेला. तंबाखू, मिश्री, अनियंत्रित मधुमेह आणि अस्वच्छता यांमुळे ही झीज वाढू शकते. नैसर्गिक दाताभोवती असणारे संवेदनशील तंतू खुंटाभोवती नसतात. त्यामुळे हाड निम्मे झिजले तरी रुग्णास बहुधा दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे सारे ठीक’ हा समज येथे घातक ठरतो. तपासणी आणि एक्स-रे यांवाचून झीज कळत नाही.

आणि नेमके येथेच आम्ही कमी पडतो. नाणे व आंदर मावळातील वृद्ध रुग्ण लावणी-कापणीच्या दिवसांत येऊ शकत नाहीत. पुढे घरचे कोणी आणावयास नसते. शस्त्रक्रियेसाठी देणगी मिळते, पुढील तपासणीसाठी क्वचितच.

म्हणून दोन विनंत्या आहेत. देणगीदारांनी प्रत्येक दंतरोपणाबरोबर त्याच्या पुढील वर्षांच्या तपासणीचा व प्रवासाचा भार उचलावा. आप्तजनांनी वर्षातून एक दिवस आपल्या ज्येष्ठांसाठी राखून ठेवावा. हे जेथे शक्य नाही, तेथे आम्ही काढता-घालता येणारी कवळी सुचवू. त्यात कमीपणा नाही.

दंतरोपणे किती केली, या आकड्याने आमचे काम मोजू नये. पाच-दहा वर्षांनीही रुग्ण भाकरी त्याच दाढेने चावतो का, हे आपण आम्हांस दरवर्षी विचारावे.