सेन्सर बदलायच्या आधी एकदा पुसून बघा (म्हणजे हात न लावता!)

आज गाडीच्या नाकाविषयी बोलू. मास एअर फ्लो सेन्सर.

खंबाटकी घाटात ट्रकला ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जाईचना. मागून बस हॉर्न मारतेय. अंगाला घाम फुटला. सोबत चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाले म्हणाले, सेन्सर गेला, आठ हजार.

थांबलो जरा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला ब्लूटूथ डोंगल लावला आणि फोनवर बघितलं. कोड पी0171, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

आता हे नाक काम कसं करतं? एअर फिल्टरनंतरच्या पाइपात बारीक तापलेली तार असते. हवा आली की ती गार होते. तिला परत तापवायला किती करंट लागला, त्यावरून ईसीयू हवा मोजतो आणि तेवढं पेट्रोल सोडतो. तारेवर घाण बसली तर हवा कमी मोजली जाते, इंजिन उपाशी!

पण फाटक्या पाइपानेही हाच कोड येतो. मग ओळखायचं कसं? फ्युएल ट्रिम बघा. पाइप फाटला असेल तर आकडा आयडलला जास्त असतो, रेस वाढवली की उतरतो. माझा उलटा, आयडलला 6, 2500 आरपीएमला 18. म्हणजे संशय तारेवर. (पेट्रोलचा पंप कमजोर असला तरी असंच दिसतं, तेव्हा साफ करूनही फरक पडला नाही तर पंपाकडे वळा.)

इग्निशन बंद, कनेक्टर काढला, दोन स्क्रू. तार तेलकट, धुळीने माखलेली. गुन्हेगार मीच! धुऊन वापरायचा फिल्टर बसवला होता, त्याला हौसेने भरपूर तेल चोपडलं होतं.

एमएएफ क्लीनरचाच स्प्रे घ्या. कार्ब क्लीनर नको, कापूस नको, बोट तर अजिबात नको, तार तुटते. लांबूनच आठ-दहा फवारे. पूर्ण सुकू द्या, मगच बसवा आणि कोड पुसा.

एक मात्र लक्षात ठेवा, बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हा सेन्सर नसतोच, मॅप सेन्सर असतो. आधी तपासा, मग स्प्रे आणा.

फिल्टर पुन्हा साधा कागदाचा लावला. रविवारी मुद्दाम त्याच घाटात गेलो. 2500 ला ट्रिम 4. ट्रक मागे टाकला.